दोन रेघांचा फॉल्ट

माझी मुलगी समुद्राखालचं तेल शोधते. अंधेरीला एका काचेच्या इमारतीत, सहाव्या मजल्यावर, एसीत बसून. समुद्र बघायचा तर तिला जुहूला जावं लागतं, आणि तिथं गेली की शेवपुरी खाऊन परत येते. तिच्याबरोबरचे सगळे तसलेच. एकानं कधी बोटीवर पाय ठेवलेला नाही. पण समुद्रात भोक कुठं पाडायचं ते हेच सांगणार.

मी पण त्याच धंद्यात होतो, फक्त खालच्या टोकाला. सातवीपर्यंत शाळा. सांताक्रूझला विमानतळाच्या भिंतीला लागून एक कंपनी होती, आता नाही, तिथं प्लॉटर रूममध्ये शिपाई. बोटी समुद्रात लांबच लांब तारा ओढत जायच्या आणि पाण्यात हवेचे बार काढायच्या. आवाज खाली जायचा, दगडांच्या थरांवर आपटून वर यायचा, तारांत पकडला जायचा. त्या आवाजाचं चित्र आमच्याकडं प्लॉटर मशीनवर कागदावर निघायचं. दोन-अडीच मीटर लांब कागद, बारीक काळ्या लाटांनी भरलेला. त्याला सेक्शन म्हणायचे. लांबून बघितलं तर लाकडाची फळी उभी कापल्यासारखं, थरावर थर. माझं काम सेक्शन गुंडाळणं, नंबराचा शिक्का मारणं, अमोनियाच्या मशीनवर प्रती काढणं आणि साहेब मागतील तेव्हा टेबलावर पसरणं. एकतीस वर्षं. अमोनियानं नाकाचा वास गेला तो गेलाच. ही म्हणायची, म्हणून तर माझ्या हातचं सुकट तोंड वाकडं न करता खाता.

ही म्हणजे माझी बायको. आठ महिने झाले तिला जाऊन.

ती गेल्यावर मुलुंडच्या ह्या घरात माणसांची रांग लागली. प्रत्येकजण येऊन सांगायचा, सुटली बिचारी. कशातून सुटली? माझ्यातून? एकानंही ते स्पष्ट विचारलं नाही. दुसरा यायचा, म्हणायचा, आता देवाधर्मात मन रमवा. मी म्हटलं, देवानं आधी माझ्यात मन रमवलं असतं तर ही पाळी आली नसती. तो परत आला नाही, बरं झालं. महिन्याभरात नणंदा-जावांनी तिच्या साड्या वाटून घेतल्या. शिलाई मशीन मुलीनं एका संस्थेला दिलं. तीस वर्षं ही त्या मशीनवर लोकांच्या साड्यांना फॉल-बिडिंग करत होती. मशीन गेलं त्या दिवशी खिडकीखालची फरशी मोकळी दिसायला लागली, आणि शेजारीण म्हणाली, आता कसं हवेशीर वाटतं ना. मी तिच्याशी तेव्हापासून बोलत नाही.

मुलगी बुधवारी घरून काम करते. का, तर बाबांवर लक्ष राहावं. मला वाटतं ह्याला म्हणतात पाळत. स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉम्प्युटर मांडते, कानात ते पांढरं घालते आणि मधूनमधून ओरडते, "बाबा, गोळी घेतली का?" जसा काही मी विसरतो. मी विसरत नाही, घेत नाही. दोन्हीत फरक आहे.

तीन महिने ती एकाच चित्रावर बसली होती. एका बुधवारी मी चहाचा कप ठेवता ठेवता विचारलं, "काय गो, संपत नाही तुझं ते?"

"फॉल्ट गळतो का नाही ते बघतेय बाबा."

"आणि?"

"तुम्हाला कळेल असं सांगू?"

"एकतीस वर्षं तेच गुंडाळलंय. सांग."

मग तिनं सांगितलं, आणि खरं सांगतो, आमच्या वेळच्या साहेबांपेक्षा बरं सांगितलं. तेल काही जमिनीखाली टाकीत भरलेलं नसतं. वाळूच्या दगडात मुरलेलं असतं, स्पंजात पाणी असतं तसं, आणि सारखं वर सरकायला बघतं. वर चिकणमातीचा थर असला की अडतं. पण बाजूनंही अडायला हवं, तिथं फॉल्ट कामाला येतो. फॉल्ट म्हणजे थर चिरले आणि एक बाजू खाली घसरली ती जागा. इकडच्या वाळूसमोर तिकडची माती आली तर वाट बंद, तेल जागच्या जागी. वाळूसमोर वाळूच आली तर गळून गेलं. शिवाय घसरताना माती त्या चिरेवर लेपली जाते, गावाला जमीन सारवतो तशी. सारवण जाड असलं तर फॉल्ट बंद, पातळ असलं तर झिरपतो. किती घसरलं, मध्ये माती किती, ह्याचा हिशेब लावून कॉम्प्युटर रंग देतो. हिरवा म्हणजे बंद, लाल म्हणजे गळका.

"आपल्या सोसायटीत बाथरूमची भिंत कुठून गळते ते तीन वर्षं झाली कळत नाही," मी म्हटलं. "आणि तुम्ही समुद्राखाली दोन किलोमीटरवरची भिंत गळते का ते सांगणार."

"सांगावं लागतं बाबा. सोमवारी मीटिंग आहे. फॉल्ट बंद आहे असं मी लिहिलं तर तिथं विहीर खणणार. माझ्या नावावरची पहिली."

"आणि कोरडी निघाली तर?"

"तर तीही माझ्याच नावावर."

तेवढ्यात तिच्या साहेबाचा फोन आला. ती पोळ्या भाजायला उठली होती, म्हणून स्पीकरवर टाकला. साहेबाचा आवाज गुळगुळीत. "अगं, सील आहे म्हणजे आहे, फॉल्ट बंद. अजून किती घोळ घालशील? वीस मीटर घसरलंय, वाळू आहे बारा मीटर. समोर मातीच येणार. लिहून टाक ना यार."

"सर, मला तो फॉल्ट जरा विचित्र वाटतो. वरपासून खालपर्यंत सारखाच घसरलाय. आणि एकदम उभा. भिंतीसारखा."

"असतात तसे. निसर्गात सगळं असतं."

निसर्गात सगळं असतं म्हणे. आमच्या वेळचे साहेबसुद्धा अडले की निसर्गावर ढकलायचे.

ती बोलत होती आणि मी उगाच स्क्रीनकडं बघितलं. वरच्या कोपऱ्यात लाईनचा, म्हणजे बोटीच्या एका फेरीचा, नंबर होता. तो नंबर मी स्वतः शिक्क्यानं मारलेला, एक आकडा जरा तिरका बसलेला, तोसुद्धा स्कॅनमध्ये तसाच तिरका आलेला. मग मी खाली बघितलं. थर डावीकडून सरळ येत होते आणि एका जागी खाट्कन खाली उतरत होते. त्या जागेवर मुलीनं रंगीत रेघ मारली होती, वरपासून खालपर्यंत, बहुतेक ठिकाणी हिरवी.

मी खुर्ची ओढून बसलो. ती जागा मला पाठ होती.

आमच्या वेळी फॉल्ट बघायची एक पद्धत होती. साहेब सेक्शन घ्यायचे, जिथं फॉल्ट वाटतो तिथं कागदाची घडी घालायचे आणि एक बाजू दुसरीवर सरकवत न्यायचे, थर जुळेपर्यंत. जुळले की समजायचं, एवढं घसरलं. ह्यासाठी प्रती काढायच्या, मूळ कागदाला हात लावायचा नाही हा नियम. एका दुपारी एका साहेबाला घाई होती, अमोनियाचं मशीन बंद, आणि त्यानं मूळ कागदच मागितला. मी दिला. देणं माझं काम नव्हतं, पण साहेबाला नाही म्हणणं पण माझं काम नव्हतं. त्यानं ह्याच लाईनच्या कागदाला घडी घातली, सरकवून बघितली, म्हणाला, इथं काहीच नाही, सगळं सरळ आहे, आणि कागद माझ्या अंगावर टाकून चहाला गेला. मी घडी उलगडली तर कागद वरपासून खालपर्यंत फाटत गेला. त्यात मी अक्कल चालवली. फाटलेल्या कडा दातेरी होत्या, म्हणून ब्लेडनं सरळ कापल्या. म्हणजे कडेला कड बसवून तो जुळवायची जी सोय होती, ती मी स्वतःच्या हातानं घालवली.

वरच्यांना सांगितलं असतं तर बोटीवर आवाज भरून आणलेल्या टेपवरून नवा कागद निघाला असता. पण मूळ प्रत दिली कोणी, हा प्रश्न आला असता. मी दोन्ही तुकडे वर्तमानपत्रात गुंडाळले आणि घरी आणले. बसमध्ये एकानं विचारलं, कॅलेंडर का? म्हटलं, हो, पुढच्या वर्षाचं.

तेव्हा आम्ही घाटकोपरला टेकडीवर एका खोलीत राहायचो. हिला सातवा महिना होता. लग्नाला अकरा वर्षं होऊन पहिल्यांदा. ती दारात बसून पोलक्याला काजं करत होती. तिची भाषा शेवटपर्यंत गावचीच राहिली.

"ह्यां काय हाडलात?"

"ऑफिसचा कागद. फाटलाय. चिकटवायचाय."

"तुमी फाडलात?"

"साहेबानं."

"मग साहेबाच्या बायलेक सांगा चिकटवूक."

पण उठली. स्टोव्हवर कणकेची खळ शिजवली, गाळून घेतली. मलमलची दोन बोटं रुंद पट्टी फाडली. तुकडे फरशीवर पालथे मांडले आणि पोट सांभाळत, गुडघ्यांवर बसून, पाठीमागून पट्टी लावत गेली. मी काय करत होतो? उभा राहून घाई करत होतो. पट्टी लागल्यावर कागद उलटा केला. सेक्शनवर आवाज परत यायला लागलेला वेळ मोजायच्या आडव्या रेघा असतात, बारीक, आणि दर दहावी रेघ जाड. हिनं वाकून बघितलं, बोट फिरवलं.

"ह्यां बसाक नाय. ही जाडी रेघ बघा. आणि हय, पलीकडची जाडी रेघ दोन घरां खाली गेली."

"बारीक रेघा बसल्या ना?"

"बसल्यो. पण जाडी नाय. पाणी लावन काढतंय, परत लावतंय. किती वेळ लागतलो?"

"तुला काय कळतंय त्यातलं? पाणी लागलं की शाई जाईल. सुकव आणि ऊठ तिथनं."

ती उठली. भिंतीला धरून उठली, मी हात दिला नाही. एवढंच म्हणाली, "साडयेचो काठ असो लावलंय असतंय तर गिऱ्हायकान तोंडार मारलो असतो." सकाळी मी कागद नेऊन रॅकवर ठेवला. वरच्या साहेबानं बघितलंच नाही. त्या भागात काही सापडलं नाही म्हणून त्यांनी ती बाजूच सोडून दिली होती. मी महिनाभर घाबरलो आणि मग विसरलो. कंपनी पुढं बंद पडली. कागद गेले देवनारच्या बाजूला कुठल्या तरी गोदामात. टेप दमटपणानं खराब झाल्या, म्हणून मुलीच्या ऑफिसनं त्या कागदांचेच स्कॅन करून घेतले.

आणि आता तो फॉल्ट माझ्या स्वयंपाकघरात, टेबलावर, हिरवा होऊन उभा होता.

त्या बुधवारी मी काही बोललो नाही. गुरुवारी, शुक्रवारी, शनिवारी पण नाही. का नाही, ते सांगतो, उगाच साधू बनत नाही. हिचं ह्या घरात काही राहिलं नव्हतं. साड्या गेल्या, मशीन गेलं, डब्यातला मसाला संपला. भिंतीवर फोटो आहे, तो तर लग्नातला कापून मोठा केलेला, त्यात ती माझ्यावर रागावलेली दिसते. आणि इथं शिकलेल्या माणसांनी तिच्या हातचं काम तीन महिने मोजलं होतं, रंगवलं होतं. तिनं पट्टी लावली तिथं ह्यांनी निसर्ग शोधला होता. मला दोन दिवस त्याचं हसू येत होतं आणि कोणाला सांगता येत नव्हतं. सांगितलं की मुलगी ते मोडून टाकणार, हे मला ठाऊक होतं.

मग रविवारी सकाळी मुलगी रिपोर्टचं शेवटचं पान लिहायला बसली. खाली तिचं नाव होतं. इंग्रजी अक्षरं मला वाचता येतात. ते नाव हिनं ठेवलं होतं, मला दुसरं हवं होतं. पोरगी पोटात असताना हिनं ज्या कागदापुढं गुडघे टेकले, त्याच कागदापायी पोरीचं नाव बुडणार होतं. मी म्हटलं, "गो, तो फॉल्ट नाही."

"काय?"

"तिथं फॉल्ट नाही. कागद फाटला होता. आपल्या घरी चिकटवला, घाटकोपरला. तुझ्या आईनं. दोन रेघा खाली लागला."

तिला वाटलं म्हातारा सरकला. "बाबा, रेघा खाली असत्या तर स्कॅनमध्ये दिसल्या असत्या."

"मग बघ की."

"स्कॅन करताना त्या आडव्या रेघा पुसून टाकतात. नुसते थर ठेवतात..." इथं ती थांबली. "दोन रेघा म्हणजे वीस मिलिसेकंद. म्हणजे साधारण वीस मीटर."

मला त्यातलं तेवढंच कळतं जेवढं गुंडाळता येतं.

तिनं खुर्ची पुढं ओढली. चित्राची उजवी बाजू त्या रेघेवर कापली आणि वर उचलली. थोडी, मग आणखी थोडी. थर एकमेकांना भिडले आणि सरळ इकडून तिकडं गेले. जोड कुठं होता ते शोधूनही दिसेना. एवढंच लागलं तिला, पाच मिनिटंही नाही. हिनं मागितलेला वेळ ह्यापेक्षा फार जास्त नव्हता.

मुलगी आधी हसली. "आईनं? आपल्या आईनं?" मग हसू थांबेना, मग ते हसू राहिलं नाही. मोरीत जाऊन तोंड धुऊन आली. "तीन महिने," ती म्हणाली. "तीन महिने मी नसलेल्या भिंतीची गळती मोजतेय. आणि मला वाटत होतं सारखं, की काहीतरी चुकतंय."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले ना. तुम्ही ऐकलंत ना, सर काय म्हणाले. तुला काय कळतंय, असंच म्हणाले, फक्त गोड आवाजात."

ते मला लागलं. तिला माहीत नव्हतं मला का लागलं. कारण मी तिला अर्धंच सांगितलं होतं. आईनं चिकटवलं, चुकलं, एवढंच. आईनं चूक पकडली होती आणि मी तिला गप्प केलं, हे मी सांगितलं नाही.

तिनं साहेबाला फोन केला. साहेब म्हणाला, "म्हणजे डायरेक्टरला मी काय सांगू? कणकेच्या खळीमुळं विहीर रद्द? तुझ्या वडिलांचं वय काय?" मूळ कागद बघितल्याशिवाय काही लिहायचं नाही, असं ठरलं. मीटिंग पुढं ढकलली. गोदामातून कागद आला तेव्हा मला बोलावलं, ओळख पटवायला. जसं काही प्रेतच ओळखायचं होतं.

अंधेरीच्या त्या इमारतीत खाली वॉचमननं माझ्या छातीवर एक कागद चिकटवला, पाहुणा असं लिहिलेला. नीट चिकटलाही नाही, लिफ्टमध्ये गळून पडला. वर लांब टेबलाभोवती साहेब आणि तिघं जण. कोणी उठलं नाही. टेबलावर गुंडाळी होती. ती उलगडायला एक पुढं झाला आणि कागद उलट्या बाजूनं ओढायला लागला.

"सोडा," मी म्हटलं. "फाडाल. तेवढं तरी मला येतं."

मी पसरला. कडा भुरभुरत होत्या, पण पट्टी जशीच्या तशी. सुरकुती नाही, बुडबुडा नाही. पुढून बघितलं तर जाड रेघ डावीकडून येत होती आणि जोडावर दोन घरं खाली उतरत होती. पोरानं सुद्धा बोट ठेवलं असतं. चौघं वाकून बघत राहिले.

"झकास," एक म्हणाला. "घरगुती फॉल्ट."

सगळे हसले. साहेब पण. म्हणाला, "काकांच्या मिसेसनी आमची पार वाट लावली होती."

मुलगी हसली नाही. तिनं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "माझी बायको चौथी शिकलेली. तिच्यासमोर हा कागद एक संध्याकाळ होता. तुमच्यासमोर तीन महिने. सारखा घसरलाय, भिंतीसारखा उभा आहे, हे तुमच्याच ऑफिसातली मुलगी सांगत होती. वाट कोणी लावली?"

साहेबानं चहा मागवला. मला वाटलं, चांगलं हाणलं. लिफ्टमधून खाली येईपर्यंत वाटत होतं. मग रिक्षात बसल्यावर डोकं थाऱ्यावर आलं. साहेबाला हाणलं खरं, पण चूक बायकोचीच ठेवून आलो होतो. चार माणसं हसली ती तिच्यावर, आणि मी शिकलेले-अडाणी असा वाद घालून बाजूला झालो. मरून गेलेल्या बाईच्या मागं लपायला जागा फार छान असते, ती काही बोलत नाही.

भिंतच नाही तर तेल अडणार कशाला, विहीर रद्द झाली. साहेबानं हे स्वतःच्या लक्षात आल्यासारखं वर सांगितलं म्हणे. सांगू दे. मुलीच्या वाट्याला एक टिपण आलं, ती लाईन का सोडली ह्याचं, फायलीत कायम ठेवायचं. त्या दिवशी संध्याकाळी ती टेबलावर लिहीत बसली. मी भाजी निवडत होतो.

"वाच," मी म्हटलं. "मराठीत करून."

तिनं वाचलं. लाईनवरचा फॉल्ट खरा नाही. मूळ कागद फाटला होता. तो घरी नेऊन जोडला, जोडताना वीस मिलिसेकंदांची चूक झाली. जोडणी एका कर्मचाऱ्याच्या पत्नीनं केली.

"ते शेवटचं काढ."

"का? नाव नाही लिहिलं मी आईचं. आणि खरंच आहे ना ते?"

"चिकटवलं तिनं. चूक माझी."

"म्हणजे?"

मग सगळं सांगितलं. मूळ कागद मी दिला, कड मी कापली. ही म्हणाली बसत नाही, जाडी रेघ बसत नाही, परत करते. मी म्हटलं तुला काय कळतंय. सातव्या महिन्यात फरशीवर बसली होती आणि मी उठतानाही हात दिला नाही. भाजी हातात तशीच राहिली. मला वाटलं होतं, म्हणेल, जाऊ दे बाबा, किती वर्षं झाली. तसं म्हणाली असती तर मी उठून गेलो असतो.

ती म्हणाली, "आठ महिने तुम्ही सगळ्या जगाला नावं ठेवताय."

"हो."

"सारखं वाटायचं, एवढा राग कुणावर आहे."

मी भाजी निवडायला लागलो. तिनं शेवटची ओळ खोडली आणि नवी लिहायला घेतली. लिहिता लिहिता वाचत होती. जोडणाऱ्या व्यक्तीनं चूक त्याच वेळी दाखवून दिली होती आणि दुरुस्त करायची तयारी दाखवली होती. ती दुरुस्ती करू दिली नाही. इथं ती थांबली.

"कोणी करू दिली नाही, ते लिहावं लागेल. नाव नको. तुमचा हुद्दा काय होता?"

"शिपाई," मी म्हटलं. "प्लॉटर रूम. लिही."